बशीतला रुपया: गोव्यात पैसे लावून पत्ते खेळणं गुन्हा कधी ठरतं?

चवथीच्या दुसऱ्या रात्री आरत्या संपल्या, घुमटं खुंटीला गेली, नेवऱ्यांचा डबा एकदा सगळ्यांसमोरून फिरला, की आमच्या प्रियोळच्या घरी ओसरीवर चटई पडते. दोन जोड पत्ते, वाटीभर चिंचोके आणि मधोमध काठाचा टवका उडालेली एक पांढरी बशी. रमीचा डाव जिंकणाऱ्याने एक रुपया बशीत टाकायचा, हा आजोबांच्या वेळचा नेम. तेव्हा चार आणे होते. पहाटे पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की बशी त्याच्यापुढे रिकामी करायची आणि गरम उंडे, म्हणजे गोल पाव, घ्यायचे.

गेल्या चवथीला सावंतवाडीहून आलेले जावईबापू डाव हरता हरता म्हणाले, "मामा, हा कायद्याने जुगार होत नाही काय? आणि ही बशी म्हणजे अड्डेवाल्याचा वाटा, नालच की!"

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी काही वर्षं आमच्या भागातल्या एका क्लबाचा खजिनदार होतो आणि याच प्रश्नापायी मला पणजीच्या एका वकीलबाबांच्या ऑफिसात तीन फेऱ्या माराव्या लागल्या होत्या. मी स्वतः वकील नव्हे. पण त्या तीन फेऱ्यांत आणि नंतरच्या वाचनात जे उमगलं, ते इथे सांगतो.

आधी एक घोळ निस्तरू. पत्त्यांवरून वाद झाला की कोणी तरी मोबाईलवर १८६७ चा इंग्रजांचा जुगार कायदा काढून दाखवतो, सिंधुदुर्गातला पाहुणा असेल तर मुंबईचा १८८७ चा. दोन्ही इथे कामाचे नाहीत. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यांच्या यादीत ३४ व्या क्रमांकावर 'पैज आणि जुगार' हा विषय आहे, म्हणजे ज्याच्या त्याच्या राज्याचा कायदा वेगळा. पत्रादेवीचा नाका ओलांडून अलीकडे आलात की लागू होतो तो 'गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा, १९७६'. दमण आणि दीव केव्हाच वेगळे झाले, कायद्याच्या नावात मात्र ते अजून एकत्र नांदतात.

या कायद्यात 'पत्ते खेळणे हा गुन्हा आहे' असं सरसकट वाक्य शोधू नका. कायद्याचा रोख आहे तो अड्ड्यावर, त्याच्या भाषेत सार्वजनिक जुगारगृहावर. असं घर चालवणं हा एक गुन्हा आणि तिथे खेळताना किंवा खेळायच्या इराद्याने सापडणं हा दुसरा. पेपरात 'कलम ३ आणि ४ खाली गुन्हा नोंद' असं वाचतो ते याबद्दल. रस्त्यावर, उघड्यावर, चारचौघांच्या वाटेत जुगार मांडणं हे आणखी वेगळं प्रकरण. तिथे अड्डा आहे की नाही हे बघायची गरजच नसते. जत्रेतल्या पालाखालचा गडगडा किंवा बसस्टँडमागे गोणपाटावर मांडलेली तीन पत्ती त्यात येते.

मग जुगारगृह म्हणजे काय? व्याख्या लांबलचक आहे. घर, खोली, तंबू, आवार, गाडी, होडी, काहीही चालतं. तेव्हा 'माझ्या घरात मी काही करीन' हा युक्तिवाद पहिल्याच ओळीत पडतो, कारण घर व्याख्येतच आहे. पण पुढे एक अट आहे आणि सगळी मेख त्या अटीत. त्या जागेत पत्ते, फासे, पट ही साधनं ठेवलेली किंवा वापरलेली असली पाहिजेत ती जागेच्या मालकाच्या, भाडेकरूच्या किंवा चालकाच्या नफ्यासाठी. हा नफा साधनं वापरू देण्याचा आकार म्हणून घेतलेला असो, जागेचा आकार म्हणून असो, की आणखी कुठल्या वाटेने आलेला असो.

पत्तेवाल्यांच्या भाषेत याला एकच शब्द आहे: नाल. अड्डेवाला स्वतः खेळत नाही, हरत नाही, जिंकत नाही. तो प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेतो. कोणी का जिंकेना, त्याची नाल ठरलेली.

वकीलबाबांकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मोठी तयारी करून गेलो होतो. रमी कौशल्याची, तीन पत्ती नशिबाची, अमुक निकाल, तमुक निकाल. ते पाच मिनिटं ऐकत राहिले आणि म्हणाले, "ते सगळं बघू. आधी सांगा, नाल कोण घेतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या कार्यकारिणीचा प्रस्ताव असा होता की शनिवारी रात्री रमीची तीन टेबलं लावायची, पॉइंटला एक रुपया, आणि प्रत्येक डावाच्या रकमेतले शेकडा पाच क्लबाच्या छपराच्या दुरुस्तीला. पावसात बॅडमिंटनच्या कोर्टावर पाणी गळायचं. हेतू शुद्ध होता. सेक्रेटरीने तर 'छप्पर निधी' असं नावसुद्धा ठरवलं होतं.

हा हिशेब थोडा बाजूला ठेवून खेळाकडे जाऊ, कारण कायद्याचा दुसरा खांब तो आहे. जुगाराच्या कायद्यांतून केवळ कौशल्याचे खेळ वगळलेले असतात, गोव्याच्याही. पण पत्ते पिसले की नशीब आलंच. मग 'केवळ कौशल्य' कुठलं? सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमरबागवाला प्रकरणात, शब्दकोड्यांसारख्या बक्षिसांच्या स्पर्धांच्या निमित्ताने, वाट घालून दिली: ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असतं ती जुगार होत नाही. थोडंबहुत नशीब असलं म्हणून बिघडत नाही. पारडं कुठे झुकतं ते बघायचं.

पत्त्यांचं पारडं न्यायालयाने तोललं ते नोव्हेंबर १९६७ मध्ये. सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर १९६३ च्या मे महिन्यात पोलिसांनी धाड घातली, तेव्हा काही माणसं पैसे लावून रमी खेळत होती. खटला वर चढत गेला आणि 'आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण' या नावाने सर्वोच्च न्यायालयात पोचला. आजही क्लबातल्या पत्त्यांचा विषय निघाला की पहिलं नाव याच निकालाचं निघतं.

न्यायालयाने केलेली फोड कुठल्याही पत्तेबहाद्दराला पटेल अशी आहे. फ्लश, ब्रॅग अशा नावांनी चालणारा तीन पानांचा खेळ म्हणजे निव्वळ नशीब. रमी तशी नाही. पडणारी पानं ध्यानात ठेवावी लागतात, कुठलं धरायचं आणि कुठलं टाकायचं याला डोकं लागतं. पानं वाटताना नशीब येतं खरं, पण तेवढं ते ब्रिजमध्येही येतं.

आमच्या ओसरीवर या. तेरा पानं हातात आहेत. समोरच्या काकींनी तुमची टाकलेली किलवर सत्ती उचलली. म्हणजे त्यांच्याकडे एक तर किलवरची रांग बांधली जातेय, नाही तर सत्त्यांची तिकडी. दोन पानांनंतर त्यांनी इस्पिक सत्ती टाकून दिली. तिकडी नव्हे, रांगच. आता हातातली किलवर अठ्ठी तुम्हाला काडीच्या कामाची नसली तरी डाव संपेपर्यंत छातीशी धरून बसायची, कारण ती टाकली की काकी 'शो' म्हणणार. वर त्या अठ्ठीचे पॉइंट अंगावर घ्यायची तयारी हवी. ही कसरत तीन पत्तीत नाही. तिथे तीन पानं आली, बंदच ठेवून ब्लाइंड खेळा किंवा बघून चाल द्या, बदलायला वाव शून्य. ब्लफ मारायलाही अक्कल लागते असं तीन पत्तीवाले हिरीरीने सांगतात. त्यात तथ्य अगदीच नाही असं मला वाटत नाही, पण न्यायालयाला पटलेलं नाही आणि पोलिसांना पटवायची वेळ न आलेली बरी.

पोकर अधांतरी आहे. पश्चिम बंगालच्या कायद्याने ब्रिज, रमी आणि पोकर हे खेळ जुगाराच्या व्याख्येतूनच बाहेर ठेवले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवलं. गोव्यात क्लबाचं पोकर टेबल लावायला मला कोणी सांगितलं असतं तर मी खजिनदारीचा राजीनामा दिला असता.

रमी कौशल्याची ठरली, मग आमचे तीन टेबल पक्के? इथेच बरेच क्लब गाफील राहतात. सत्यनारायण निकालाचा अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो, उरलेला कोणी वाचत नाही. न्यायालयाने त्यात हेही म्हटलं आहे की पैसे लावून खेळलेल्या रमीतून किंवा दुसऱ्या कुठल्या खेळातून क्लब किंवा घरमालक स्वतः नफा काढतो आहे असा पुरावा असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. म्हणजे रमी निर्दोष असली तरी नाल घेणारा अडकू शकतो.

त्या क्लबाची सुटका झाली ती पैशाच्या हिशेबावर. क्लब पत्त्यांसाठी आकार घेत होता, पण न्यायालयाने व्यवहारी दृष्टीने बघितलं. बिलियर्डला, टेनिसला, पिंगपाँगला फी घेतातच ना? तशी पत्त्यांना थोडी जादा फी घेतली तर तेवढ्याने अड्डा होत नाही, फी अवाच्या सवा नसली म्हणजे झालं. वेळ संपल्यावरही बसणाऱ्यांकडून उशिराचा आकार घेतला, तेही ठीक. नोकरांना ओव्हरटाइम द्यावा लागतो, दिवे जळतात. असा आकार बहुतेक क्लबांत असतोच.

हे वाचलं आणि आमच्या 'छप्पर निधी'त खोट कुठे आहे ते लख्ख दिसलं. पत्त्याच्या जोडाचा आणि टेबलाचा ठरीव आकार हा खर्चाशी बांधलेला असतो. रात्री दहाच्या डावात दोनशे रुपये फिरोत की दोन हजार, क्लबाला मिळणार तेवढेच. शेकडा पाच म्हटलं की मात्र डाव जितका मोठा तितकी क्लबाची कमाई मोठी. मग सभासदांनी जास्त लावावं असं क्लबालाच वाटू लागतं. छप्पर दुरुस्त करा नाही तर देवळाला घंटा बांधा, ती नालच. तिसऱ्या फेरीत वकीलबाबांनी लाल शाईने तो पाच टक्क्यांचा कलम खोडला आणि वर लिहिलं, 'माणशी वीस रुपये, चहासकट.' सेक्रेटरी महिनाभर माझ्याशी बोलला नाही. छप्पर पुढे देणगीतून झालं.

त्यांनी आणखी दोन गोष्टी घालायला लावल्या. खेळणारे फक्त सभासद, वहीत सही करून. बाहेरचा पाहुणा बघू शकतो, बसू शकत नाही. कारण आजचा सभासद आजच्या रात्रीपुरता पन्नास रुपयांत होऊ लागला तर तो क्लब नावापुरता, दाराला फक्त पाटी लावलेली. आणि पत्त्यांच्या खोलीत उधारीची चिठ्ठी चालणार नाही.

धाड पडली तर पुढे काय होतं, हेही ठाऊक असावं. टेबलावरचे पैसे, पत्त्यांचे जोड, हिशेबाची वही सगळं पंचनाम्यात जातं. पत्ते आणि पैसे एकत्र सापडले की ही जागा अड्डाच असावी आणि बसलेले जुगारच खेळत असावेत, असं अनुमान काढायची मुभा अशा कायद्यांत असते. ते खोडून काढण्याचा भार मग आपल्यावर येतो. सत्यनारायण प्रकरणातही त्या अनुमानाचा प्रश्न होताच. पुढे आलेल्या पुराव्यानेच, अगदी सरकारपक्षाच्या पुराव्यानेही, ते खोडलं गेलं. निर्दोष सुटणारा माणूससुद्धा आधी ठाण्यात रात्र काढून आणि नाव छापून येऊनच सुटतो. म्हणून वही नीट ठेवा असं मी सांगतो तेव्हा ती नुसती बँकवाल्याची खोड समजू नका.

बारमध्ये मागच्या खोलीत चालणाऱ्या टेबलांचं काय, असं मला फार विचारतात. "मी नाल घेत नाही, बाब, बियर तेवढी खपते," असं बारवाला सांगतो. व्याख्येतले 'आणखी कुठल्या वाटेने' हे शब्द आठवा. पत्त्यांमुळे बियर खपत असेल तर तीही वाट धरली जाऊ शकते, असं वकीलबाबांचं मत होतं. कळंगुटकडचा बंगला दोन दिवस भाड्याने घेऊन आत टेबलं लावली तर तो बंगला खाजगी राहतो असं समजणाऱ्यांनीही हेच शब्द वाचावेत.

आता कोणी म्हणेल, मांडवी नदीत कॅसिनोची एवढी मोठी जहाजं दिव्यांनी लखलखताहेत, तिथे रात्रभर तीन पत्ती चालते, मग आमच्या चटईची काय कथा? जहाजांसाठी मूळ कायद्याला खिडकी पाडली गेली. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक यंत्रांवरच्या खेळांना परवानगी देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९९६ मध्ये जहाजांवर टेबलावरचे खेळ आले. कलम १३-अ ते हेच. जमिनीवर यंत्रं, पाण्यावर टेबलं, असा कागदावरचा भेद. जहाजं समुद्रात असतील असं कायद्यातल्या 'ऑफशोअर' शब्दावरून वाटतं. पणजीच्या धक्क्यावरून पाच मिनिटांत फेरीबोट तिथे पोचते. नदीत नांगर टाकून ऑफशोअर असण्याचा मान गोव्यालाच लाभावा.

त्यातही आपली गंमत अशी की त्या जहाजावर चढायची मुभा परमिटवाल्या पर्यटकाला. २०१२ मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत बंदी अमलात आली. एकवीस वर्षांखालच्या कोणालाही मज्जाव आहेच. सावंतवाडीचे आमचे जावईबापू कायदेशीरपणे जहाजावर बसून तीन पत्ती खेळू शकतात, मी त्यांना धक्क्यावर सोडून परत यायचं. आणि ते घरी परतून शेजाऱ्यांकडून नाल घेऊन तीच तीन पत्ती मांडू लागले तर महाराष्ट्राचे पोलीस उचलतील. परवाना त्या ठिकाणाचा असतो, खेळाचा नव्हे.

राज्य बदललं की चित्र किती पालटतं याचा नमुना त्या सिकंदराबादेतच बघा. तेलंगणाने २०१७ मध्ये कायदा बदलला आणि पैसे लावले तर कौशल्याचा खेळसुद्धा जुगारात ओढला. ज्या शहरातल्या खटल्याने देशभरच्या रमीला आधार दिला, तिथल्याच रमीवाल्यांना त्याचा आता उपयोग उरला नाही.

मोबाईलवरच्या रमीचा विषय मी थोडक्यात संपवतो. पूर्वी तीही याच निकालाच्या छत्रीखाली उभी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. कौशल्य की नशीब हा प्रश्नच त्यात ठेवला नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. क्लबातल्या लाकडी टेबलाला तो कायदा लागत नाही. मात्र चार जणांनी आपापल्या घरी बसून ॲपवर पैशाची रमी खेळणं आणि तेच चार जण एका चटईवर बसणं, यांत आता जमीन-अस्मानाचा फरक पडला.

राहिले पैसे. उधारीची चिठ्ठी का नको? करार कायद्याच्या, म्हणजे १८७२ च्या, कलम ३० प्रमाणे पैजेचा करार शून्यवत. जिंकलेले पैसे कोर्टात मागता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये घेरुलाल पारख प्रकरणात सांगितलं की असा करार शून्यवत असला तरी बेकायदा नव्हे, पण चिठ्ठी धरून बसलेल्याला त्याचा काय दिलासा? हरलेला माणूस शनिवारी 'सोमवारी देतो' म्हणाला आणि सोमवारी ओळख विसरला, तर तुमच्या हाती कागदच. आमच्या क्लबात दोन जुने मित्र अशाच एका चिठ्ठीवरून कायमचे तुटले.

जिंकलेल्या पैशावर आयकर खातं मात्र न विसरता येतं. पत्त्यांतली कमाई तीस टक्क्यांच्या सपाट दराने करपात्र, वर उपकर. खर्च वजा नाही, मागच्या शनिवारी हरलेले वजा नाहीत. तुमचं बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या खाली असलं तरी या रकमेला ती सवलत नाही. क्लबाच्या सूचनाफलकावर मी हे टाइप करून लावलं होतं. दुसऱ्या दिवशी कोणी तरी त्याखाली पेनाने लिहिलं, 'आधी जिंकू तर द्या.'

जावईबापूंना मी त्या रात्री इतकं सगळं सांगितलं नाही. पानं वाटायची माझी पाळी होती. एवढंच म्हटलं की रमी आहे, घरचीच माणसं आहेत, आणि बशीचं काय होतं ते पहाटे बघा.

पहाटे पोदेराचा भोंगा वाजला. बशी त्यांच्याच हातात देऊन त्यांना फाटकाशी पाठवलं. आत सत्तेचाळीस रुपये होते. पाच रुपयाला एक याप्रमाणे बारा उंड्यांचे साठ झाले. उरलेले तेरा कोण देणार म्हणून त्यांनी फाटकातूनच ओसरीकडे पाहिलं. मी खिशात हात घातला.